चिठ्ठी निघेल तिथं

पीक कापणीचा प्रयोग ज्यानं पाहिला नसेल त्याला आधी तो सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पैसेवारी काढायला नाहीतर विम्यासाठी अख्ख्या गावाची बाजरी कुणी मोजत बसत नाही. वरून काही गट नंबर ठरून येतात. त्या शेतात कृषी सहायक नाहीतर तलाठी, ग्रामसेवक यांच्यातलं कुणीतरी येतं, सोबत गावातली चार माणसं. कागदावर दोन आकडे आधीच लिहून आणलेले असतात. शेताच्या एका कोपऱ्यापासून लांबीला इतकी पावलं, रुंदीला इतकी पावलं. तिथं खुंटी ठोकायची, दोरी लावून ठराविक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि तोलायचं. अशा थोड्याशा तुकड्यांवरून गावाला किती पिकलं ते ठरतं.

2015 च्या खरिपात माझ्या सिन्नरकडच्या बाजरीत असा तुकडा पडायचा होता. पावसानं पाठ फिरवलेली. रानाच्या वरल्या अंगाला खडक, तिथली बाजरी गुडघ्याएवढी. विहिरीच्या अंगाला मात्र बरी होती, कणसंही भरलेली. मी सायबाला चहा पाजला आणि म्हणलं, "भाऊसाहेब, वरल्या अंगाला आखा, तिकडं चालायला सोपं आहे." तो हसला. म्हणाला, "आप्पा, आकडा म्हणंल तिकडं जायचं." पावलं मोजत निघाला अन् नेमका विहिरीजवळच्या भरल्या बाजरीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी घरी येऊन मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. माझं खोटं चाललं नाही याचाच तो राग होता, पण तसं तेव्हा वाटलं नव्हतं.

आठ वर्षांनी माझ्या नातीनं माझ्यापुढं दोन डबे ठेवले, तेव्हा तो कृषी सहायक मला पुन्हा आठवला.

मी राहतो इंदिरानगरात. नाशिकच्या माणसाला इंदिरानगर म्हणलं की आधी हायवेखालचा बोगदा आठवतो, आणि त्यातली गाड्यांची रांग. माझ्या लहानपणी हे सगळं शिवार होतं. पेरूच्या बागा, गहू, भाजीपाला. 1982 ला नाशिकची महानगरपालिका झाली, आमची गावं हद्दीत आली आणि मग एकेक वावर प्लॉट होत गेलं. मी 1976 ला दहावी झालो. पुढं शिकलो नाही, बाप गेला आणि बैल दावणीला होते. घराजवळची जमीन भावकीत वाटून विकून संपली. त्या पैशातून काहींनी गाड्या घेतल्या, मी सिन्नर तालुक्यात चार एकर घेतली. इकडं पाथर्डी शिवारात मात्र तीन एकर पडीक अजून नावावर आहे. मुरमाड माळ, कुसळी गवत, पाच बाभळी, दोन हिवर, एक कडुनिंब, बोरीची जाळी. तिथून पांडवलेण्याचा डोंगर समोर दिसतो. आमच्या घरात त्या तुकड्याला नुसतं 'माळ' म्हणतात.

नात थोरल्याची मुलगी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, 2023 ची गोष्ट. तिला प्रकल्प करायचा होता. एखाद्या जागेवर कोणत्या वनस्पती, कोणते पक्षी-प्राणी आहेत, किती आहेत, ते रीतीनं शोधायचं आणि लिहायचं. मी म्हणलं, "त्याला प्रकल्प कशाला पाहिजे? बस माझ्यापुढं, घे वही. माळावरचं सगळं सांगतो." ती म्हणाली, "आप्पा, तुम्हाला काय माहीत आहे ते नाही लिहायचं. तिथं काय सापडतं ते लिहायचंय." मला हे जरा लागलं. साठ वर्षं ज्या मातीत गेली तिथलं मला माहीत आहे आणि सापडतं यात फरक काय, ते कळेना.

पहिलं काम चौकट करायचं होतं. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. मी ठिबकच्या जुन्या नळीची केली, ती उचलली की जिलबीसारखी वाकडी व्हायची. मग अर्ध्या इंचाचा प्लॅस्टिकचा पाईप आणि चार एल्बो आणले. आडव्या-उभ्या सुतळ्या बांधून तिचे शंभर बारके खण केले, म्हणजे कोणत्या झाडानं किती खण झाकले ते मोजता येतं. ही चौकट गवतासाठी, बारक्या झाडोऱ्यासाठी. झुडपांना पाच मीटरची दोरी लावायची आणि झाडांना दहा मीटर बाय दहा. हे दहा बाय दहा ऐकून मी म्हणलं, "म्हणजे गुंठा की!" तिला गुंठा ठाऊक, पण माप ठाऊक नव्हतं. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, 1089 चौरस फूट, म्हणजे 101 चौरस मीटर. साखळीनं वावरं मोजणाऱ्यांचा गुंठा आणि कॉलेजातल्या पुस्तकातला चौकोन जवळपास एकच निघाला. त्या दिवशी मी जरा ताठ चाललो. झाडाचा घेर छातीएवढ्या उंचीवर मोजायचा, तोही एकाच उंचीवर, साडेचार फुटांवर. मी कमरेजवळ मोजला तर तिनं फिता वर सरकवला.

चौकट कुठं ठेवायची? मी बोरीच्या जाळीकडं निघालो. तिथं ओल धरते, सगळ्यात जास्त प्रकार तिथंच उगवतात. तिनं थांबवलं आणि ते दोन डबे पुढं केले. एकात 0 पासून 119 पर्यंतच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात 0 पासून 99 पर्यंतच्या. माळाची लांबी 120 मीटर, रुंदी 100. दोन चिठ्ठ्या काढायच्या, कोपऱ्यापासून तेवढं चालायचं आणि तिथं चौकट ठेवायची, मग तिथं काही का असेना. पाठीमागं न बघता चौकट भिरकावतात काहीजण, पण माणसाचा हात बघून नाही तरी जाणून फेकतो, असं तिच्या मॅडमचं म्हणणं.

पहिली चिठ्ठी निघाली ती उघड्या मुरमावर. दगड, वाळलेलं शेण आणि कुसळीची दोन ठोंबं. मी म्हणलं, "ही सोडून दे, दुसरी काढ." ती खाली बसली अन् पेन्सिलीनं लिहायला लागली. पेन कधीच नाही, पेन्सिल. दवानं, पावसानं शाई पसरते. आणि खोडरबर पिशवीत ठेवायचाच नाही.

अशा वीस चौकटी आम्ही भादव्याच्या शेवटापासून पंधरा दिवसांत केल्या. बारा हजार चौरस मीटरमध्ये वीस मीटर. मला ते पोतंभर गव्हातून चार दाणे बघितल्यासारखं वाटायचं. पण गंमत बघा, पहिल्या तीन-चार चौकटींत नवी नावं भराभर वाढली. कुसळी, मारवेल, पवना, एकदांडी, दुधी, शंखपुष्पी, गोखरू, आघाडा, कुर्डू, केना, पाथरी. अकराव्या-बाराव्यानंतर नवं नाव निघायचं थांबलं. सतराव्या चौकटीत एकच नवं, मग काही नाही. एकूण 38. तिनं कागदावर रेघ काढून दाखवली, आधी चढ आणि मग सपाट. रेघ सपाट झाली म्हणजे अशी चौकट आणखी शंभर वेळा ठेवली तरी थोडंच नवीन सापडणार. पोत्यातले चार दाणेही सगळीकडून घेतले तर पोत्याची खबर देतात, हे मला तेव्हा पटलं. बाजारात व्यापारी बंबी खुपसून मधला माल काढतो तो काय वेगळं करतो?

नावांत माझी फजिती झाली, तीही सांगतो. तरोटा म्हणून मी ज्याला आयुष्यभर ओळखलं ते दोन वेगळी झाडं निघाली. एकाची शेंग लांब, बारीक, विळ्यासारखी वाकलेली. तो खरा तरोटा, त्याची कोवळी भाजी आम्ही पावसाळ्यात खातो. दुसऱ्याची शेंग आखूड, अंगावर लव. ते झाड अमेरिकेकडून आलेलं, गाजरगवताला दाबतं म्हणून काही ठिकाणी मुद्दाम पसरवलेलंही. आमच्या माळावर खरा तरोटा दोन चौकटींत आणि हा पाहुणा नऊ चौकटींत. गाजरगवतही पाहुणंच. पुण्यात 1955 च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी धान्याबरोबर आलं असं सांगतात. आमच्याकडं त्याला काँग्रेस म्हणतात. माझा जन्म त्याच्यानंतरचा, म्हणजे इथं ते माझ्यापेक्षा जुनं.

उलटंही झालं. तिच्या पुस्तकात नाव असलेलं एक गवत तिला ओळखू येईना, तुरा आला नव्हता. मी काडी मोडून तिच्या नाकाशी धरली. मारवेल. चुरगाळलं की वास येतो, आणि गाय दहा गवतांतून आधी त्याला तोंड लावते. तिनं वहीत लिहिलं, 'वासावरून, आप्पा'. असं लिहायचं असतं म्हणे, कुणी ओळखलं ते.

पक्ष्यांचं काम सकाळचं. माळावर पाच जागा ठरवल्या. प्रत्येक जागी जाऊन आधी दोन-तीन मिनिटं गप उभं राहायचं, आपल्या येण्यानं उठलेलं पाखरू पुन्हा बसू द्यायचं. मग घड्याळ लावून दहा मिनिटं. दिसलं आणि ऐकू आलं ते लिहायचं, अंतर अंदाजानं. तेच पाखरू पुढच्या जागी आलं तर दुसऱ्यांदा धरायचं नाही. मला आवाजावरून पंचवीस-तीस पाखरं कळतात, त्यामुळं इथं माझा भाव वधारला. चंडोल, होला, खाटीक, वेडा राघू, कोतवाल, गप्पीदास, दयाळ. पण पहिल्याच दिवशी भांडण.

"टिटवी किती, आप्पा?"

"जोडी."

"दिसल्या किती?"

"एक दिसली. पण टिटवी एकटी राहत नाही. दुसरी असणार कुठंतरी अंड्यावर."

"एक," असं म्हणत तिनं 1 लिहिलं.

"अगं पण मला माहीत आहे ना!"

"तुम्हाला माहीत आहे ते खरंच असंल. पण मी पुढल्या महिन्यात येणार, दुसरं कुणी दहा वर्षांनी येणार. त्याला तुमचं माहीत असणं कसं मोजता येईल?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण सगळ्यात जड गेलं ते शून्य. यादीतलं जे त्या दिवशी दिसलं नाही त्याच्यापुढं शून्य लिहायचं, मोकळी जागा सोडायची नाही. मोकळी जागा म्हणजे बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. माणसाला शून्य लिहायला हात रेटत नाही, हे मी माझ्या हातावरून सांगतो.

ऑक्टोबरात एका रविवारी त्यांच्या कॉलेजच्या मॅडमनी पांडवलेण्याच्या पायथ्याच्या वनोद्यानात शिबिर घेतलं. पंचवीस-तीस पोरं आणि एक म्हातारा. मॅडमनी स्टीलच्या डब्यात हरभरे आणले होते. म्हणाल्या, न मोजता किती आहेत ते सांगा. कुणी शंभर म्हणालं, कुणी हजार. मग त्यांनी चाळीस हरभरे काढून त्यांना कुंकू लावलं, परत टाकले, डबा खूप हलवला आणि न बघता पन्नास काढले. त्या पन्नासात कुंकवाचे आठ. चाळीस गुणिले पन्नास, भागिले आठ, म्हणजे 250. मग सगळे मोजले, 263 भरले. मी मनात म्हणलं, हा आकडा लावायच्या धंद्यापेक्षा बरा.

ही युक्ती बिबट्यालाही चालते. कुंकू लावायची गरज नाही, कारण प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, जसा आपल्या अंगठ्याचा ठसा. वाटेवर दोन्ही बाजूंनी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावायचे. आधी कोण आलं आणि नंतर त्यातलं कोण परत आलं, यावरून हिशेब होतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात हे केलं, 2013 ला ते छापून आलं. जंगल नाही, ऊस आणि वस्त्या. तिथं दर 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 मोठे बिबटे निघाले. आमच्या दारणाकाठच्या ऊसवाल्यांना यात नवल वाटणार नाही, पण 'लई झालेत' म्हणणं वेगळं आणि पाच म्हणणं वेगळं.

मॅडमनी त्या दिवशी आणखी एक सांगितलं, ते मला नंतर टोचत राहिलं. वाघ पूर्वी पायाच्या ठशांवरून मोजत. मातीतल्या ठशावर काच ठेवून तो गिरवून घ्यायचा आणि कोणता ठसा कोणत्या वाघाचा ते बघणाऱ्यानं ठरवायचं. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते, आणि 2005 च्या सुमारास कळलं की जंगलात एकही उरला नाही. त्यानंतर देशभर पद्धत बदलली, ठशांची गणती मागं पडून कॅमेरे आले. पोरं हसली. मीपण हसलो.

दिवाळीला दोन्ही मुलं घरी होती. फराळाच्या ताटावर माळाचा विषय निघाला. शेजारचा तुकडा गेला होता, भाव चांगला होता. थोरला म्हणाला, "आप्पा, पोरीला पुढं एम.एस्सी.ला घालायचंय, पैसा लागंल. अन् त्या माळावर आहे काय? दगड आन् बाभळी." धाकटा म्हणाला, "नुसता सातबाऱ्याला शोभेला." त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. माझ्याकडंही दुसरा पैसा नव्हता. पण 'आहे काय' हा शब्द मला लागला. म्हणलं, "काय आहे ते तुझ्या पोरीची वही झाली की वाच."

त्या दिवसापासून मला ती वही जाड व्हायला पाहिजे होती.

डिसेंबरात तिची परीक्षा होती. म्हणाली, "आप्पा, या वेळची फेरी तुम्ही एकटे कराल का? सगळं येतं तुम्हाला." ही फेरी रेषेवरची. माळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना जे दिसेल ते लिहायचं, आणि ते रेषेपासून आडवं किती दूर होतं तेही. 11 डिसेंबरला पहाटे मी गेलो. थंडी कडाक्याची. एक मुंगूस, सात होले, दोन तित्तर ऐकू आले, बास. टोकाला जाऊन बसलो. तिथं बोरीच्या जाळीखाली पूर्वी खोकडाचं बीळ होतं. मी तिथं खोकड पाहिलेलं आहे, पिल्लांसकट, पण लग्नाच्या आधीची गोष्ट. म्हणजे चाळीस वर्षं झाली. बसल्या बसल्या वही उघडली आणि लिहिलं: 'खोकड 1. सकाळी 6.40.'

घरी आल्यावर तिनं वही बघितली आणि उडालीच. "खोकड! आप्पा, नक्की? कोल्हा नाही?"

"शेपटीचं टोक काळं. कान मोठे. कोल्हा एवढा बारका असतोय का?"

सगळं बरोबर सांगितलं. खोटं एवढंच होतं की ते त्या दिवशीचं नव्हतं.

"आडवं अंतर लिहिलं नाही."

"घाईत राहिलं. लिही तीस मीटर."

तिनं लिहिलं. आदल्या महिन्यात टिटवीच्या जोडीतली दुसरी मान्य न करणारी पोर, पण माझ्या तोंडचं खोकड तिनं घेतलं. मी खोटं बोलेन हे तिच्या मनात आलं नाही.

पुढं जे झालं ते मी धरलं नव्हतं. तिनं मॅडमना सांगितलं. शहराच्या इतक्या जवळ खोकड, म्हणून मॅडमना आनंद झाला. त्यांच्या विभागाकडं दोनच कॅमेरे, ते सिन्नरच्या बाजूला एका मुलाच्या तरसाच्या कामासाठी जाणार होते. त्याला थांबवलं आणि दोन्ही कॅमेरे आमच्या माळावर आले. दहा रात्री. मीच ते बाभळीला बांधायला मदत केली, गुडघ्याच्या उंचीला, समोरचं गवत कापून, म्हणजे वाऱ्यानं पातं हललं तरी फोटो निघत नाही. कापूनही निघालेच. रोज रात्री मला झोप नव्हती. एकदा वाटलं, काय सांगावं, येईलही खरंच एखादं खोकड. देवापुढं तसं बोललोही.

दहा रात्रींत 212 फोटो निघाले. 160 हून जास्त नुसत्या गवताचे. त्या खालोखाल भटकी कुत्री. मुंगूस सहा वेळा, ससा दोनदा, एका मांजराची नुसती शेपूट, ते रानमांजर की घरचं ते ठरेना, तिथं 'ओळख पटली नाही' असं लिहिलं. शेजारचा एक इसम लघवीला उभा. आणि मी, वाकून कॅमेऱ्यात बघताना, टकलासकट. खोकड नाही.

ती म्हणाली, "दहा रात्री कमी पडल्या असतील. मॅडम म्हणतात आणखी दहा ठेवू. तो मुलगा थांबायला तयार आहे."

तेव्हा मी सांगितलं. ओट्यावर बसलो होतो, सून आत भाकरी थापत होती. हळू आवाजात सांगितलं, तरी आतला थापण्याचा आवाज थांबला. नात काही बोलली नाही. वही उचलून आत गेली. दोन दिवस जेवायला वाढताना 'आप्पा, भात?' एवढंच.

तिसऱ्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं ठेवली. "तुम्हीच खोडा. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख आणि सही." मी एक रेघ मारली. 'खोकड 1' अजूनही नीट वाचता येतं. शेजारी लिहिलं, 'पाहिलेले नाही. चुकीची नोंद', आणि सही केली. तिनं 'चुकीची' शब्दाकडं बघितलं. मग मी तोही एका रेघेनं खोडून 'खोटी' लिहिलं.

मॅडमना जाऊन सांगणं राहिलं होतं. त्यांना मी बाजरीची गोष्ट सांगितली, कृषी सहायकाची. म्हणलं, तेव्हा नुकसान जास्त दाखवायचं होतं म्हणून वाईट अंगाला ओढत होतो, आता माळ भारी दाखवायचा होता म्हणून चांगल्या अंगाला. ओढायची खोड तीच. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. म्हणाल्या, "प्रकल्पात ही रद्द केलेली नोंद कारणासह जाईल." गेली. तरसवाल्या मुलालाही भेटलो, माफी मागितली. "चालतं आजोबा," म्हणाला, पण त्याच्या अमावस्येच्या आसपासच्या रात्री गेल्या त्या गेल्याच.

जानेवारीत नात मला नांदूर मध्यमेश्वरला घेऊन गेली. मला वाटलं होतं आता काही सोबत नेणार नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं धरण, 1986 पासून अभयारण्य, रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. चापडगावच्या मनोऱ्यावर आम्ही उजाडताच उभे. पाण्यावर काळ्या ठिपक्यांची चादर. कपाळावर पांढरा टिळा म्हणून त्यांना वारकरी म्हणतात. हजारात कशी मोजायची? आधी दहा मोजायची, दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात बसवायचं, तशा दहा जागांचे शंभर, मग शंभराचे घास घेत डावीकडून उजवीकडं जायचं. थव्यातली मधली दाटी आणि कडेची विरळ वेगळी धरायची. तिनं आणि मी वेगवेगळं मोजलं, एकमेकांना न सांगता. तिचे 1,400, माझे 1,150. दोन्ही लिहिले. आता मी कमी मोजायला लागलो होतो. ती म्हणाली, "भीतीनं कमी मोजणं पण चूकच आहे, आप्पा." पुन्हा मोजायला लावलं.

प्रकल्प संपला, चांगले गुण मिळाले. थोरल्यानं वही वाचली. सगळी वाचली, रेघ मारलेलंही. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "अडतीस गवतं ओळखतो का आपण?" मग म्हणाला, "पण एम.एस्सी.ची फी भरायचीच आहे." विषय तिथंच थांबला. पहिल्या वर्षाची फी मी सिन्नरच्या कांद्यातून भरली. दुसऱ्या वर्षाचं अजून ठरलेलं नाही, माळाचंही नाही. मी त्याला आता 'वही वाच' म्हणत नाही.

नात पुण्याला असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एकटा जातो, चौकट खांद्यावर, डबे पिशवीत. शेजारच्या प्लॉटवर काम चालू आहे. तिथल्या वॉचमनला वाटतं म्हातारा काहीतरी करणी करतो, माळावर चिठ्ठ्या काढत फिरतो. परवा त्यानं पोराला माझ्यापासून लांब घेतलं. तरोटा कमी होतोय, पाहुणा वाढतोय. चंडोल गेल्या चार फेऱ्यांत शून्य. महिन्याचं पान मोबाईलवर फोटो काढून नातीला पाठवतो. ती रात्री फोन करते आणि आडवं अंतर विचारते.

या रविवारी चिठ्ठी निघाली 112 आणि 4. अगदी बांधाकडेला. जाऊन बघतो तर शेजारच्या कामाची खडी आमच्या हद्दीत ढिगानं पडलेली. बाजूला दोन पावलांवर कुसळी, कुर्डू, गोखरूला पिवळी फुलं. चौकट खडीवर ठेवली, ती एका बाजूनं उचललेली राहिली, हातानं दाबून धरली. शंभर खण मोजले. पेन्सिलीनं लिहिलं: वनस्पती 0. खडी 100.